हुरूप ओसरल्यावर

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर संपतं, तेव्हा घरी निघालेल्या साधकांना पुढचा नेमही सांगितला जातो. रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं, जवळपास आणखी साधक असतील तर आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसायचं, वर्षाकाठी एक शिबिर करायचं. दहा दिवस मौनात आणि मोबाइलपासून दूर राहून माणूस हलका झालेला असतो. आता आपण घरच्यांवर चिडणार नाही, असं त्याला मनापासून वाटत असतं. सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेली ही शिस्त मात्र त्या वाटण्यावर विसंबून राहत नाही. वारकरी संप्रदायाने ही गोष्ट कितीतरी आधी ओळखली होती. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोचलेल्या माणसाचं मन भरून आलेलं असतंच. पण गळ्यात तुळशीची माळ घालताना तो जे कबूल करतो, त्यात ठरावीक करायची कामं असतात: पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ, ठरलेली वारी. प्रत्येकाला तिथी आहे किंवा वेळ आहे. या दोन परंपरांचं तत्त्वज्ञानात फारसं जमणार नाही. एक नामस्मरणावर उभी आहे आणि दुसरी साधनेत नाम-मंत्र कटाक्षाने टाळते. तरीही आलेला बदल टिकवायचा कसा, या प्रश्नावर दोघींचं उत्तर एकच आहे, आणि ते बरोबर आहे असं माझं मत आहे.

दृष्टिकोन बदलावा कसा, याबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. वसंत व्याख्यानमालांपासून कंपन्यांतल्या प्रशिक्षणवर्गांपर्यंत आणि पुस्तकांच्या दुकानातल्या दर्शनी फळीपासून व्हॉट्सॲपवरच्या सकाळच्या सुविचारापर्यंत हा विषय सगळीकडे आहे. त्यातलं सगळंच पोकळ असतं असं मी म्हणणार नाही. चांगलं बोलणं ऐकून माणूस खरोखर उजळतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो उजेड मावळतो आणि मग त्याला आपण आरंभशूर म्हणून मोकळे होतो. म्हणजे दोष त्याच्या जिद्दीचा ठरवतो. माझ्या मते दोष आपल्या एका गृहीतकाचा आहे. आधी विचार पक्का व्हावा लागतो, मग वागणं आपोआप सुधारतं, असं आपण धरून चालतो. सकारात्मक दृष्टी याचा मला समजणारा अर्थ साधा आहे: आपण काही केलं तर त्याने फरक पडतो, हा विश्वास. हा विश्वास मनात घोकून येत नाही. मन पुरावा मागतं, आणि तो आज आपण काय केलं यातूनच त्याला मिळतो. ज्या दिवसात आपल्या हातून ठरवून केलेलं काहीच घडलं नाही, त्या दिवसाच्या शेवटी ‘मी करू शकतो’ असं कितीही वेळा म्हटलं तरी आतून होकार येत नाही.

मानसोपचाराच्या क्षेत्रात याची कसून तपासणी झालेली आहे. नैराश्यावरच्या विचारबदलाच्या उपचारात, म्हणजे कॉग्निटिव्ह थेरपीत, दोन भाग असतात. चुकीच्या विचारांची छाननी हा एक आणि रोजच्या कामांची आखणी हा दुसरा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे भाग सुटे करून पाहिले. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दीडशे रुग्ण होते. त्यातल्या काहींना पूर्ण उपचार मिळाला आणि काहींना फक्त कामांच्या आखणीचा भाग. पूर्ण उपचार जास्त गुणकारी ठरेल अशी अपेक्षा होती, पण फक्त आखणीवर चाललेले रुग्णही तितकेच सुधारले. पुढे दोन वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हाही त्यांचा आजार अधिक प्रमाणात उलटलेला दिसला नाही. यामागची कारणसाखळी समजायला अवघड नाही. उदास माणूस एकेक गोष्ट टाळू लागतो. फिरायला जाणं सुटतं, शेजारणीकडे डोकावणं सुटतं, अंगणातल्या झाडांना पाणी घालणं सुटतं. यातल्या प्रत्येक गोष्टीतून त्याला थोडं बरं वाटण्याची शक्यता होती. ती बंद झाली की उदासी वाढते, आणि वाढलेली उदासी आणखी चार गोष्टी टाळायला लावते. ही साखळी तोडायला सर्वांत सोपी जागा वागण्याची असते, कारण मनाला हुकूम देता येत नाही, पायांना देता येतो.

हाच उपचार पुढे गोव्यात आला, आणि तिथे जे झालं ते प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं. डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ जणांवर हा प्रयोग केला. सगळ्यांचं नैराश्य मध्यम-तीव्र ते तीव्र होतं आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. समुपदेशन करणारी माणसं मनोविकारतज्ज्ञ नव्हती. या विषयाचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना त्यासाठी तयार केलं होतं. सहा ते आठ बैठका, त्याही पुष्कळदा रुग्णाच्या घरी. बोलणं कशावर, तर दिवस कसा जातो, कोणत्या कामाने जरा बरं वाटतं, ते उद्या किती वाजता करणार, कोणाला सोबत घेणार आणि मध्ये आडवा येणारा प्रश्न कसा सोडवणार. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली आरोग्यसेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१७मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो वर्षभरानंतरचा आकडा. बैठका केव्हाच थांबल्या होत्या, तरी पहिल्या गटात ६३ टक्के लोक बरे होते आणि दुसऱ्या गटात ४८ टक्के. फरक कमी झाला, तो दुसऱ्या गटातलेही काही सावरले म्हणून. पहिल्या गटाने मिळवलेलं जवळपास राखलं. आणि वर्षानंतरची ही सुधारणा, तिसऱ्या महिन्यापर्यंत त्यांचं हातपाय हलवून कामं करणं किती वाढलं होतं याच्याशी जोडलेली आढळली.

हे तर आजारी माणसांचं झालं, धडधाकट माणसाच्या नेमाला यातून काय कळणार, असं कोणी म्हणेल. त्यासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेला अभ्यास पाहावा. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी गोष्ट निवडली, ती न्याहारीनंतर वगैरे दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या क्षणाला जोडली आणि बारा आठवडे पाळायचं ठरवलं. गोष्ट अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आपल्याकडे जो तो एकवीस दिवस सांगतो. तो आकडा प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ वाटेत गळाला आणि निरीक्षणाचा नियम झाला. या चुकीने खरं नुकसान केलं आहे. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड जातं तेव्हा माणूस स्वतःला नालायक ठरवतो. वास्तविक त्याचा नेम अजून अर्ध्या वाटेवरही नसतो. लॅलींच्या अभ्यासातली आणखी एक नोंद मला फार दिलासा देणारी वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडत नव्हता. आपल्या व्रतांच्या संस्कारात खंड पडला की पुण्य गेलं, अशी भीती खोल बसलेली आहे. सवयीच्या बाबतीत ती भीती निराधार आहे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसावं, इतकंच.

सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आक्षेप आपल्याच संतांचा आहे. रोज तेच केलं की त्यातला प्राण जातो. हात माळ ओढत राहतो आणि चित्त बाजारात फिरतं. निव्वळ कर्मकांडावर त्यांनी किती कोरडे ओढले हे मराठी वाचकाला सांगायला नको. या आक्षेपाला प्रयोगाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी विद्यार्थ्यांना सहा आठवडे, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला सांगितल्या. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. वारंवारतेने भावना बोथट होते, हे मान्यच करायला हवं. पण यातून नेम सोडावा असं निघत नाही. नेम कशाचा करावा, हे निघतं. कृतज्ञता, करुणा, प्रसन्नता ठरल्या वेळी येतील असा आग्रह धरणं व्यर्थ आहे. बसण्याची, चालण्याची, आईला फोन करण्याची वेळ मात्र पक्की करता येते. भावना त्या वेळात कधी येईल, कधी येणार नाही. लिहिणं आठवड्यातून एकदाच ठेवावं, चालणं रोज ठेवावं, चालण्याचा रस्ता बदलावा. ज्या संतांनी कोरड्या कर्मावर टीका केली त्यांच्याच संप्रदायात हरिपाठ नित्याचा राहिला, यात मला विसंगती दिसत नाही. पाठ रोजचा आहे, म्हणून एखाद्या दिवशी त्यातली एखादी ओळ काळजाला भिडण्याची संधी तरी राहते.

दुसरा आक्षेप परिस्थितीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं. सोयाबीनला भाव नाही, मुलाला नोकरी नाही, घरावर कर्ज आहे, अशा माणसाला सवयी सुचवणं म्हणजे व्यवस्थेचं ओझं त्याच्या मनावर टाकणं होय, असं म्हटलं जातं. नुसत्या ‘सकारात्मक राहा’ या उपदेशाला हा आक्षेप पूर्ण लागू पडतो. त्या उपदेशात माणसाला त्याच्या दुःखाबद्दल अपराधी वाटायला लावण्याची क्रूरता आहे. गोव्यातल्या बैठकांत मात्र कोणाला आनंदी राहा असं सांगितलं जात नव्हतं. समोरची अडचण काय, तिच्यातला आज हलवता येण्याजोगा तुकडा कोणता, मदतीला कोण येईल, हे तिथे ठरत होतं. बँकेत जाऊन एक अर्ज देणं हीसुद्धा त्या आखणीतली गोष्ट होऊ शकते. भाव मिळवून देण्याची जबाबदारी सरकारचीच राहते. तो भाव मागायला उभं राहण्याचं बळही खाटेवरून उठलेल्या माणसातच असतं.

खरी अडचण मला तिसरीकडे दिसते. नेमाला स्वतःच्या मालकीची वेळ लागते आणि ती सगळ्यांकडे सारखी नसते. घरातल्या बाईचा दिवस बहुतेक इतरांच्या सवयींनी भरलेला असतो: याचा डबा, त्याची गोळी, पाण्याची वेळ, मुलांची शाळा. तिने ठरवलेली संध्याकाळची वीस मिनिटं रोज कोणीतरी खातं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मग तिचा नेम मोडला की ‘तुझ्यात सातत्य नाही’ असं तिलाच ऐकावं लागतं. म्हणून गोव्यातल्या बैठकीतला एक प्रश्न, सोबत कोण आहे, हा मला सगळ्या तंत्राचा कणा वाटतो. घरात कोणी फिरायला जायचं, वाचायला बसायचं किंवा भजनाला जायचं ठरवलं असेल, तर ती वेळ भिंतीवरच्या कालनिर्णयवर सगळ्यांना दिसेल अशी लिहावी. त्या वेळात कुकर कोण लावणार आणि धाकट्याचा अभ्यास कोण घेणार, त्यांची नावंही तिथेच लिहावीत.