बंदी घाला, पण कारण सांगा!

नोकरी देणाऱ्या कंपनीने कामगाराच्या डोक्यावरचा स्कार्फ, गळ्यातला क्रूस, शीखाची पगडी किंवा कपाळावरचा टिळा यावर बंदी घालावी का? हा प्रश्न एकदा मेसमध्ये जेवताना टाकून बघा. दोन मिनिटांत टेबलाचे दोन तट पडतील. एक म्हणेल, "कंपनी त्याची, पगार त्याचा, नियमही त्याचेच. पटत नसेल तर दुसरी नोकरी बघ ना!" दुसरा म्हणेल, "धर्म हा माझा मूलभूत हक्क आहे. गेटवर काढून ठेवायला ती काय चप्पल आहे?" आमटी गार होते, पण वाद काही संपत नाही. आणि गंमत म्हणजे एकाचं सगळं लक्ष मालकाकडे, दुसऱ्याचं सगळं लक्ष धर्माकडे. जे काम करायचं आहे, त्याच्याकडे कोणी बघतच नाही!

आपण इंजिनीअरिंगवाले. आपण निदान कामाकडे बघायला हवं. पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. लेथजवळ जाण्याआधी काय काय सांगितलं जातं? ओढणी बांधा, सैल बाह्या नकोत, अंगठी-कडं काढून ठेवा. यात कोणाला धर्माचा अपमान वाटत नाही, कारण स्पिंडल कोणाचा धर्म विचारत नाही. दोरा देवळातला असो, दर्ग्यातला असो की नुसता मफलरचा असो, अडकला की तो हात ओढून घेणारच. १९४८ च्या कारखाना कायद्यात तर चालू यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगारासाठी घट्ट बसणारे कपडे सांगितले होते, आणि ते मालकानेच पुरवायचे असंही लिहिलं होतं. म्हणजे बंदी होती, तिला कारण होतं आणि मालकावर जबाबदारीही होती.

माझं म्हणणं एवढंच आहे: बंदी घालायचीच असेल तर तिचं कारण कामात दाखवता आलं पाहिजे. लोकांच्या नजरेत, मालकाच्या आवडीत किंवा "बरं दिसत नाही" या तीन शब्दांत नव्हे.

हे नीट कळायला ब्रिटनमधले दोन खटले बघू. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी या दोन्हींचा निकाल एकाच दिवशी दिला. दोघीही ख्रिस्ती, दोघींच्या गळ्यात साखळी, साखळीत क्रूस. नादिया एविडा ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवर काम करायच्या. २००६ साली क्रूस दिसतो म्हणून त्यांना बिनपगारी घरी बसवलं. शर्ली चॅपलिन या परिचारिका. त्यांच्या रुग्णालयाचं म्हणणं असं, की गोंधळलेला रुग्ण साखळी ओढू शकतो, ती उघड्या जखमेला लागू शकते. एविडा जिंकल्या, चॅपलिन हरल्या.

वस्तू तीच, धर्म तोच, न्यायालयही तेच. मग निकाल वेगळा का? कारण काम वेगळं! काउंटरवरच्या क्रूसाने विमानाला उशीर होत नाही, सामान हरवत नाही. त्या कंपनीत पगडी आणि हिजाबला आधीपासून परवानगी होती आणि त्याने कंपनीचं काही बिघडलं नव्हतं. पुढे २००७ मध्ये कंपनीने स्वतःच नियम बदलला. तेव्हाही आकाश कोसळलं नाही. रुग्णालयातला धोका मात्र बोट ठेवून दाखवता येत होता. शिवाय क्रूस वेगळ्या प्रकारे, साखळीशिवाय किंवा कपड्याच्या आत वापरण्याचे पर्यायही चॅपलिन यांना देऊ केले होते.

आता आपल्या व्यवसायातलं उदाहरण घेऊ. फ्रान्सच्या अस्मा बुगनाउई या सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइन इंजिनीअर. ऑक्टोबर २००७ मध्ये विद्यार्थ्यांच्या नोकरी मेळाव्यात त्यांना कंपनीच्या प्रतिनिधीने आधीच सांगितलं होतं, की ग्राहकांपुढे जाताना स्कार्फची अडचण होऊ शकते. तरी २००८ मध्ये त्यांना आधी इंटर्न म्हणून आणि मग कायम नोकरीवर घेतलं. २००९ च्या मे महिन्यात एका ग्राहकाकडे त्या कामाला गेल्या. ग्राहकाने कंपनीला कळवलं, "पुढच्या वेळी बुरखा नको." बाईंनी स्कार्फ काढायला नकार दिला आणि जूनमध्ये त्यांची नोकरी गेली. कामात चूक? नाही. कोड चुकला? नाही. समोरच्याला बघायला आवडलं नाही, एवढंच!

युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १४ मार्च २०१७ रोजी स्पष्ट सांगितलं, की ग्राहकाची नापसंती ही कामाची खरी गरज होऊ शकत नाही. अगदी बरोबर. उद्या ग्राहक म्हणेल, मला अमुक रंगाचा माणूस नको, तमुक जातीचा नको, बाईमाणूस साइटवर नको. मग काय, कंपनीने मान डोलवायची? ग्राहक देव असेल, पण देवाचंही सगळंच ऐकलं तर कारखाना चालायचा नाही.

मात्र त्याच दिवशी त्याच न्यायालयाने दुसराही निकाल दिला, आणि तो मला तितकासा पटत नाही. बेल्जियमच्या समीरा अचबिटा २००३ पासून जी-फोर-एस कंपनीत रिसेप्शनिस्ट होत्या. तीन वर्षं त्या कामावर स्कार्फ घालत नव्हत्या. २००६ मध्ये त्यांनी तो घालायचं ठरवलं. कंपनी म्हणाली, आमच्याकडे धर्माचं किंवा राजकारणाचं कोणतंच चिन्ह न घालण्याचा अलिखित नियम आहे. तो नियम मग लेखी केला आणि तो १३ जूनपासून लागू होणार होता. बाईंना कामावरून काढलं १२ जूनला! न्यायालय म्हणालं, की नियम सर्वांना सारखा असेल, सातत्याने पाळला जात असेल आणि फक्त ग्राहकांसमोर येणाऱ्यांपुरता असेल, तर तटस्थ दिसण्याची कंपनीची इच्छा ग्राह्य धरता येईल. त्यांना ग्राहकांसमोर न येणारं दुसरं काम देता आलं असतं का, तेही तपासायला सांगितलं.

म्हणजे काय झालं बघा. एका ग्राहकाने निरोप पाठवून मागितलं तर चालत नाही, पण सगळ्या ग्राहकांच्या वतीने कंपनीने आधीच नियम लिहून ठेवला तर चालू शकतं. पुढच्या दाराने नाकारलेला पाहुणा मागच्या दाराने घरात! २०२१ मध्ये याच न्यायालयाने ही फट थोडी बुजवली. नुसती तटस्थतेची इच्छा पुरेशी नाही, तशी खरी गरज असल्याचं मालकाने दाखवलं पाहिजे, असं सांगितलं. देर आए दुरुस्त आए.

"पण नियम सर्वांना सारखा आहे ना, मग अन्याय कसला?" हा प्रश्न नेहमी येतो. त्याला आपल्याच विषयातलं उत्तर आहे. दोन सळयांवर सारखाच भार टाकला, पण एकीचा छेद निम्मा असेल, तर तिच्यातला ताण दुप्पट होतो. भार सारखा होता म्हणून बारीक सळई तुटायची थांबत नाही. "कोणीही डोकं झाकू नये" हा नियम मला फुकटात पाळता येतो, कारण माझ्या घरात कोणी डोकं झाकायला सांगितलेलंच नाही. शीख मुलाला तोच नियम पाळायला नोकरी किंवा पगडी यांतलं एक सोडावं लागतं. शर्ट, पँट, टाय हा पोशाख आपल्याला "तटस्थ" वाटतो, कारण त्याची सवय झाली आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा. कंपनीची एक छबी असते, ती जपायला नको का? जरूर जपावी. रंग ठरवा, गणवेश द्या, बिल्ला लावा, त्याच रंगाचा स्कार्फ किंवा पगडी द्या. पण छबी हे जादूचं अस्त्र नाही. अमेरिकेत अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीचं "लूक" धोरण होतं. २००८ मध्ये समांथा इलाफ या १७ वर्षांच्या मुलीला मुलाखतीत चांगले गुण मिळूनही स्कार्फमुळे नोकरी नाकारली गेली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. दुकानातले कपडे विकता आले की झालं. विकणारीच्या डोक्यावर काय आहे, याचा हिशेब बिलात कुठे येतो?

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे, आणि तो मांडणारे सगळेच वाईट हेतूने मांडत नाहीत. ते म्हणतात, बुरखा-हिजाब पुष्कळदा घरच्या दबावाने घातला जातो, मग बंदीने त्या मुलीची सुटकाच होईल. दबाव असतो, हे खरंच आहे. पण विचार करा, अशा मुलीला कंपनीने दारातून परत पाठवलं तर ती जाणार कुठे? त्याच घरात, आणि आता पगाराशिवाय! जिच्या हातात चार पैसे आहेत, तीच पुढेमागे घरच्यांना "नाही" म्हणू शकते. आणि जी स्वतःच्या मर्जीने घालते, तिला तर आपण कारण नसताना शिक्षा दिली.

आता घरची बाजू. आपल्या घटनेचं कलम २५ धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. शिखांच्या किरपाणाचा तर त्यात नावानिशी उल्लेख आहे. २०२२ च्या मार्चमध्ये विमानतळावर काम करणाऱ्या शीख कर्मचाऱ्यांना किरपाण नेण्यास मनाई झाली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेतली गेली. उलट हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाला दाढीमुळे सेवेतून काढलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ती कारवाई योग्य ठरवली. सैन्यात शिस्त आणि एकरूपता हा कामाचाच भाग आहे, हे तत्त्व मला मान्य आहे. तरी एक शंका उरते. पगडीवाले शीख जवान त्याच दलात मानाने सेवा करतात आणि शिस्त मोडत नाही. मग एकरूपतेची रेघ नेमकी कुठे ओढायची? न्यायाधीश आणि पोलीस यांच्या हातात सरकारची सत्ता असते, म्हणून त्यांच्याबाबत जास्त कडक नियम असावेत असं कोणी म्हटलं तर तो वेगळा वाद आहे. टेस्टिंग इंजिनीअरच्या हातात कसली सत्ता? फार तर बग रिपोर्टची!

आणि खासगी कंपनीत तर घटनेची ही कलमं थेट आड येत नाहीत, ती मुख्यतः सरकारला बांधतात. खासगी नोकरीत धर्मावरून भेदभाव करू नये असं सांगणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. म्हणून सगळं एचआरच्या मर्जीवर. प्लेसमेंटच्या आठवड्यात हॉस्टेलच्या व्हरांड्यात जाऊन बघा. कोणी उसना टाय बांधतोय, कोणी मनगटावरचा लाल दोरा नेलकटरने कापतोय, कोणी दाढी ठेवू की काढू असं दहा जणांना विचारतोय. नियम कोणी सांगितलेला नाही, पण भीती सगळ्यांना आहे. पोटापाण्याचा प्रश्न आहे, बाबांनो!

आणि मोजपट्टी एकच हवी, हेही आपल्याला ठणकावून सांगायला पाहिजे. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ला वगैरेंवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तिला अंशतः स्थगिती देताना टिळा-टिकलीचं काय, हाही प्रश्न केला. कॉलेज म्हणजे कंपनी नव्हे, पण प्रश्न तोच आहे. शेजारणीच्या स्कार्फला "धर्म" म्हणायचं आणि आपल्या मंगळसूत्राला "संस्कृती" म्हणायचं, हे चालणार नाही.

याचा अर्थ सुरक्षिततेला फाटा द्यायचा असा मुळीच नाही. पण "सेफ्टी" हा शब्द उच्चारला की चर्चा बंद, असंही नको. धोका दाखवा, मग उपाय शोधा, आणि उपाय सापडलाच नाही तर बंदी घाला. कोविडच्या काळात मास्क दाढीवर नीट बसेना, म्हणून ब्रिटनमधल्या काही शीख डॉक्टरांना रुग्णसेवेतून बाजूला व्हावं लागलं. तेव्हा शीख डॉक्टरांनीच दाढीवर रबरी पट्टा घट्ट बांधून त्यावर मास्क लावायची पद्धत वापरली, तिला "सिंग ठाठा" म्हणतात. ती फिट टेस्टवर तपासून पाहिली गेली. डॉक्टरही टिकला आणि दाढीही. याला म्हणतात डिझाइन! कामगारानेही तेवढंच मोकळं राहायला हवं. सुरक्षित पर्याय समोर ठेवला असेल तर "मी म्हणतो तसंच" हा हट्ट धरून चालणार नाही.

थोडक्यात, बंदी घालणाऱ्याने चार प्रश्नांची उत्तरं लेखी द्यावीत. या कपड्याने कामात नेमकं काय बिघडतं? बंदीपेक्षा सौम्य उपाय करून पाहिला का? नियम नोकरीवर घेतानाच सांगितला होता का? आणि तोच नियम बहुसंख्याकांच्या चिन्हांनाही लावला का? चारही उत्तरं समाधानकारक असतील तर खुशाल बंदी घाला, मी पहिला पाळीन. एकाचंही उत्तर "ग्राहकांना आवडत नाही" असं असेल, तर तो नियम फाडून टाकायच्या लायकीचा समजा.

मित्रांनो, आज आपण मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडे बसतो. दहा-बारा वर्षांनी आपल्यापैकी पुष्कळजण पलीकडे बसलेले असतील, टीम लीडर म्हणून, प्लांट मॅनेजर म्हणून, कोणी स्वतःच्या कारखान्याचा मालक म्हणून. समोर एखादी मुलगी स्कार्फ घालून येईल, एखादा मुलगा पगडी बांधून येईल, एखादा भलंमोठं गंध लावून येईल. त्या वेळी आधी त्यांचा प्रोजेक्ट विचारा. तो चांगला असेल, तर ऑफर लेटर द्या आणि लेथवर पाठवणार असाल तर ओढणी बांधायला सांगा.