वाचनालयासाठीं पट्टी कां नको?

गांवांत देवळाला वर्गणी निघते, जत्रेला निघते. वाचनालयाची गोष्ट काढली कीं मात्र जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. यांत दोष एकट्या गांवकऱ्यांचा नाहीं. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, परंतु त्यांत ग्रंथालयासाठीं कर ठेवलेला नाहीं. लोकांनीं आधीं संस्था काढावी, पुस्तकें जमवावीं, मान्यता मिळवावी. मग अ, ब, क, ड या वर्गाप्रमाणें अनुदान. म्हणजे ज्या गांवांत अर्ज व हिशेब जाणणारे चार लोक आहेत, तेथें पैसा पोंचतो. कुंभार-लोहारांची वस्ती तशीच राहते.

दुसरी वाट नाहीं असें नाहीं. १९१० च्या सुमारास सयाजीराव महाराजांनीं बडोदें संस्थानांत गांवानें जमविलेल्या रकमेंत सरकारी भर घालून वाचनालयें काढलीं, आणि लांकडी पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तकें धाडलीं. शिकलेलें पोर पुढें वाचावयास न मिळाल्यास अक्षर विसरतें, हें त्यांनीं ओळखलें होतें; आम्हां मास्तरांस तो अनुभव नवा नाहीं. पुढें मद्रासनें १९४८ च्या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालयाचा करच बसविला.

कराचें नांव ऐकून शेतकरी दचकतो, तें साहजिक आहे. पण घरटी थोडकी पट्टी, तीहि फक्त पुस्तकांसाठीं, आणि तिचा हिशेब ग्रामसभेपुढें, ही अट घातल्यावर भिण्याचें कारण काय? पट्टी देणारा पुस्तक हक्कानें मागतो. अनुदानाची वाट पाहणारा अर्जच करीत बसतो.

बंधूंनो, येत्या ग्रामसभेंत हा ठराव मांडा, आणि त्याची नक्कल आपल्या आमदाराच्या हातीं द्या.