मौन म्हणजे संमती नव्हे

'वर्गणी' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. नियतकालिकाचे वर्ष संपत आले की कार्यालयाकडून स्मरणपत्र येई आणि वर्गणीदाराने मनीऑर्डर धाडली तरच पुढील अंक घरी येत. तो गप्प राहिला तर अंक बंद होई. पैसे देणाऱ्याने स्पष्टपणे 'होय' म्हटल्याशिवाय त्याचा खिसा हलका होत नसे, हे त्या साध्या व्यवहारातील तत्त्व होते. मोबाईल ॲप आणि संकेतस्थळांच्या वर्गणीने हे तत्त्व नेमके उलटे केले आहे. येथे ग्राहक गप्प राहिला की वर्गणी चालूच राहते आणि ती थांबविण्यासाठी त्याला धडपडावे लागते. खात्यातून दरमहा न कळणारी रक्कम वजा होत असल्याच्या ज्या तक्रारी आज घरोघरी ऐकू येतात, त्यांचे मूळ या उलट्या व्यवहारात आहे.

हा प्रकार घडतो तरी कसा? 'सात दिवस मोफत' किंवा 'केवळ एक रुपयात' अशी जाहिरात दिसते. चित्रपट, इंग्रजी संभाषणाचे धडे, मुलांचे खेळ, छायाचित्रे सजविणारे ॲप असे काहीही त्यामागे असू शकते. एक रुपया भरताना ग्राहक यूपीआय पिन देतो, तेव्हा तो केवळ त्या रुपयाला नव्हे, तर पुढील प्रत्येक वजावटीला आगाऊ परवानगी देत असतो. या परवानगीला 'मँडेट' म्हणतात. जुलै २०२० मध्ये यूपीआयवर 'ऑटोपे'ची सुविधा सुरू झाल्यापासून ही परवानगी देणे अतिशय सोपे झाले आहे. पडद्यावर आज भरावयाची रक्कम ठळक दिसते. पुढे किती रुपये, किती दिवसांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत कापले जातील, हा मजकूर मात्र घाईत वाचला जात नाही.

रक्कम लहान असते, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. दरमहा १९९ रुपये धरले, तरी वर्षाला २,३८८ रुपये होतात. सुस्थितीतील कुटुंबाला ही रक्कम नगण्य वाटेल. पण निवृत्तिवेतनावर औषधपाणी चालविणाऱ्या वृद्धाला किंवा परदेशी गेलेल्या मुलाने पाठविलेल्या पैशांत घर सांभाळणाऱ्या मातेला ती नगण्य नसते. शिवाय आजीचा फोन नातवंडांच्या हाती असतो आणि पिनही त्यांना ठाऊक असतो. खात्यातील पैसे कोठे गेले, असा प्रश्न पडला की घरातील माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आर्थिक नुकसानीहून हे नुकसान मोठे आहे.

ज्यांना 'कॉलर ट्यून'चे दिवस आठवतात, त्यांना ही युक्ती परिचित वाटेल. चुकून एखादे बटण दाबले गेले की गाण्याची, ज्योतिषाची वा विनोदांची सेवा सुरू होई आणि प्रीपेड शिल्लक आटत जाई. अखेरीस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ साली अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती बंधनकारक केली. एकदा दाबलेले बटण म्हणजे खरी संमती नव्हे, हेच त्या निर्देशाचे सार होते.

बँकव्यवहारांतही हेच तत्त्व रिझर्व्ह बँकेने आणले आहे. २०१९ साली आखलेले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झालेले तिचे नियम सांगतात की, मँडेट देताना ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी झाली पाहिजे. प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. आणि तो व्यवहार किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोय त्याला असली पाहिजे. मात्र ठरावीक मर्यादेच्या आतील पुढील वजावटींना पुन्हा ओटीपी लागत नाही. ही मर्यादा २०२२ साली ५ हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आली. म्हणजे बहुतेक सर्व ॲपच्या वर्गण्या तिच्या आतच बसतात.

यापुढचे पाऊल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी टाकले. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्या त्याने मार्गदर्शक तत्त्वांद्वारे निषिद्ध ठरविल्या. त्यांत वर्गणीचा सापळा ही एक आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवून ठेवणे आणि त्याविषयीच्या सूचना संदिग्ध ठेवणे, हे सारे त्यात येते. इतकेच नव्हे, तर मोफत वर्गणीसाठी ग्राहकाला पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप वजावटीची परवानगी देण्यास भाग पाडणे, हाही सापळाच मानला आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले.

हा प्रश्न केवळ आपल्या देशापुरता नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली ॲमेझॉनवर दावा दाखल केला. ग्राहकांना नकळत 'प्राइम'चे सदस्य करून घेतले जाते आणि त्यातून बाहेर पडणे मुद्दाम अवघड ठेवले जाते, असा आरोप होता. सदस्यत्व रद्द करण्याच्या त्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' असे नाव होते, असेही आयोगाने म्हटले होते. दीर्घ युद्धाच्या महाकाव्याचे हे नाव पुरेसे बोलके आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता २.५ अब्ज डॉलर्सची तडजोड केली, त्यांपैकी १.५ अब्ज डॉलर्स ग्राहकांना परत करण्यासाठी होते.

आपल्याकडे नियम आहेत, तरी तक्रारी का थांबत नाहीत? आमच्या मते याचे कारण असे की, संमती अजूनही आरंभीच्या एका क्षणी मागितली जाते आणि त्यानंतर मौनालाच संमती मानले जाते. २४ तास आधीची सूचना येते. परंतु ती अनेकदा इंग्रजीत असते आणि जाहिरातींच्या संदेशांच्या ढिगाऱ्यात हरवते. जो ती वाचू शकत नाही, त्याला मिळालेला नकाराचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून ही सूचना ग्राहकाच्या भाषेत यावी आणि मोफत मुदत संपताना त्याने पुन्हा 'होय' म्हटल्याशिवाय पहिली मोठी रक्कम कापली जाऊ नये, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरावयास हवी. आपोआप वजावट मुळात वाईट नाही; विम्याचा हप्ता किंवा वीजबिल वेळेवर भरले जाणे सोयीचेच असते. आक्षेप सोयीला नसून तिच्या आडून होणाऱ्या लुबाडणुकीला आहे.

तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी रद्द होत नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधील आपल्या चित्रावर, तर आयफोनवर सेटिंग्जमधील आपल्या नावावर बोट ठेवल्यास 'सबस्क्रिप्शन्स'ची यादी सापडते. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या विभागात चालू परवानग्या दिसतात. नको असलेली तेथेच रद्द करावी. रद्द केल्याच्या पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. परतावा हवा असल्यास तत्काळ कंपनीकडे लेखी मागणी करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मँडेट रद्द करूनही पैसे कापले गेले, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

धर्मग्रामांतील युवकांना आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी आपल्या घरातील आणि शेजारच्या ज्येष्ठांचा फोन त्यांच्या परवानगीने हाती घ्या आणि ही यादी त्यांच्यासमोर वाचून दाखवा. कोणती वर्गणी ठेवायची आणि कोणती नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. या कामाला दहा मिनिटे पुरतात. आपल्या कष्टाच्या पैशांबद्दल 'होय' किंवा 'नाही' म्हणण्याचा जो हक्क त्यांच्या नकळत हिरावला गेला, तो तेवढ्या वेळात त्यांना परत मिळू शकेल.