सुबक, देखणं आणि सांध्यावर घसरणारं

"तुमच्याकडेही हे सांध्यावर असंच घसरतं का हो?"

मिरजेहून एका निवृत्त मास्तरांचा फोन होता. आवाजात तक्रार नव्हती, उलट संकोचच होता. आपलंच काहीतरी चुकत असणार, अशी त्यांची समजूत. नातवाला घेऊन ते पुण्याला आले होते. कोथरूडमधलं भाऊसाहेब जोशींचं, १९९८ साली सुरू झालेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आजोबा-नातवानं पाहिलं, आणि परतीच्या वाटेवर पोरानं "आजोबा, आपल्याकडे पण" असा धोशा लावला. मास्तरांनी पेन्शनीतून दरमहा थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि माझं परीक्षण वाचून इंजिन मागवलं.

मी म्हणालो, "रूळ एकदा तपासून पाहा ना, मास्तर."

"तीनदा उखडून पुन्हा टाकले," ते म्हणाले. "पाणसळ लावून."

घरात गाड्या धावडवण्याचा आमचा नाद ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जगात सर्वांत जास्त चालणारं माप 'एचओ', म्हणजे खऱ्या गाडीच्या एक सत्त्याऐंशीांश. सतरा मीटरचं डिझेल इंजिन त्यात वीतभर होतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं आम्ही जर्मन, अमेरिकन इंजिनं पळवत आलो. कुणाचा तरी मेहुणा परदेशातून येताना आणणार, आणि मग आल्प्समधली गाडी डोंबिवलीच्या दिवाणखान्यात फिरणार! अशात आपल्याकडच्या एका छोट्या कारखानदारानं डब्ल्यूडीएम-२ बनवलं. १९६२ पासून आपल्या रुळांवर आलेलं, आमच्या पिढीनं ज्याच्यामागे बसून आजोळ गाठलं ते इंजिन. आमच्या वीसेक जणांच्या मंडळाचं एक परिपत्रक निघतं, त्यात परीक्षण लिहावं म्हणून त्यानं एक नग मला पाठवला. फुकट.

खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा घसा दाटून आला, खोटं कशाला सांगू? ते बोथट नाक, त्या जाळ्या, तो रंग. रुळांवर ठेवलं. सरळ मार्गावर झकास. सांध्यावर आलं की दहातून चार वेळा खाली. मोजून पाहिलं तर मधल्या धुरीवरची दोन चाकं एकमेकांच्या जरा जास्तच जवळ बसवलेली. सांध्यावर ती आतल्या बाजूनं अडतात आणि वर चढतात. दोष केसाएवढा, पण गाडी पाडायला पुरेसा.

आणि मी लिहिलं काय? "सुबक, देखणं. रूळ नीट टाकलेले असतील तर उत्तम धावतं."

या दुसऱ्या वाक्याकडे वाचकांनी जरा निरखून पाहावं. त्यात खोटं असं एकही अक्षर पकडता येणार नाही. पण इंजिनाचा दोष त्यानं अलगद उचलून विकत घेणाऱ्याच्या पदरात टाकला. मिरजेत एक सत्तरीचा माणूस त्या वाक्यापायी तीनदा गुडघ्यांवर बसला.

परीक्षणं विकली जातात, असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पैसा असतो. फुकटचा नमुना, शेजारच्या पानावरची जाहिरात. तेही असतंच, नाही कसं? पण त्या इंजिनाच्या किमतीला मी विकला गेलो नाही. मी विकला गेलो मायेला. आपल्या माणसानं, घरचे पैसे घालून, आपलं इंजिन काढलंय; बोट दाखवलं आणि त्यानं धंदा गुंडाळला तर? 'बनवतोय तरी बिचारा' या तीन शब्दांनी आमच्या छंदात जेवढी असत्यं खपवली आहेत, तेवढी कुठल्या जाहिरातीनं खपवली नसतील. पैसे मोजून घेतलेला माणूसही काही निःपक्षपाती नसतो, बरं का. महागाची पैठणी घरी आणल्यावर तिचा रंग जातो हे कोण पहिल्यांदा कबूल करतं?

याच्या उलट आमच्यातले 'रिव्हेट मोजणारे'. जगभर त्यांना याच नावानं चिडवतात. आमच्या मंडळातल्या अशा एका गृहस्थांनी याच इंजिनावर तोफ डागली होती. मुद्दा खराच होता. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे या मापात रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरांवर हवेत. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे. सबब आपलं इंजिन अरुंद रुळांवर उभं! पण इंग्रजांनी हेच केलं आहे. १९२० च्या दशकात त्यांच्या बुटक्या इंजिनांत मोटर मावेना, म्हणून इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. ही तडजोड तिथं सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना सोसत नाही ते १८.८३ मिलिमीटरांचे रूळ हातानं घालतात, बाकीचे मजेत गाड्या चालवतात. अरुंद रुळांमुळे गाडी पडत नाही, जवळच्या चाकांमुळे पडते. त्या गृहस्थांनी पहिल्या दोषावर दीड पान लिहिलं, दुसरा त्यांना दिसलाच नाही. कारण त्यांनी इंजिन पट्टीनं मोजलं होतं, चालवलं नव्हतं. मी चालवलं होतं आणि गप्प बसलो. दोघांत जास्त दोषी कोण, हे सांगायला पंच नको.

अमेरिकेतल्या 'मॉडेल रेलरोडर' या १९३४ पासूनच्या मासिकातली परीक्षणं वाचताना मला पूर्वी कंटाळा यायचा. इंजिन किती ओढतं, किती व्होल्टला किती वेग, सगळे आकडे. रस म्हणून नाही! आता वाटतं, आकड्यावर माया करता येत नाही, म्हणून ते तिथं असतात. मीही 'दहातून चार वेळा' एवढंच लिहिलं असतं, तर पुढे हवी तेवढी स्तुती करायला मोकळा होतो.

फोनवर मी शेवटी म्हणालो, "हो मास्तर, माझ्याकडेही घसरतं. पहिल्या दिवसापासून."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं, माझेच हात गेले."

चाकं चिमट्यानं कशी सरकवायची ते त्यांना सांगितलं. पुढच्या परिपत्रकात दुरुस्ती छापली, नमुना फुकट मिळाला होता हेही छापलं. कारखानदार दोन महिने बोलला नाही. त्याचा राग मी समजू शकतो. पहिल्याच वेळी खासगीत सांगितलं असतं, तर इतके नग तसेच गेले नसते. नंतर नवी खेप आली. या वेळी त्यानं मला नमुना पाठवला नाही, मी रीतसर पैसे भरून घेतला. पन्नास वेळा सांध्यावरून नेला. एकदाही घसरला नाही.

मागचा दिवा मात्र लागत नाही. तसं लिहून दिलं आहे.