वेबसाईटची किल्ली कुणाच्या खिशात?

जून २०१८. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, वाकडी गाव. विहिरीत पोहली म्हणून दलित पोरांना नागडं करून मारलं. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच साली १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागून जगणाऱ्या डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा मोबाईलवरनं पसरली होती.

दोन्ही वेळा मोबाईल होता, नेट होतं, बातमीही झाली. शब्द मात्र आपले नव्हते. व्हिडिओ काढणारा एक, अफवा पसरवणारा दुसरा, आणि स्टुडिओत बसून अर्थ लावणारा तिसराच. आज उद्याच्या पोराला ही दोन गावं आपल्या बाजूनं समजून घ्यायची असतील तर त्यानं जायचं कुठं? फेसबुकच्या ढिगाऱ्यात? तिथं कालचं आज सापडत नाही.

म्हणून वेबसाईटवर लिहितोय. हे इंजिनिअरचं काम, शिकल्या-सवरल्यांचं काम, ही भीती पहिली झटकून टाका.

पूर्वी वेबसाईटचं एकेक पान कोड लिहून हातानं बनवावं लागायचं. एक शब्द बदलायचा तरी जाणकाराचे पाय धरायचे. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम आली, सीएमएस म्हणतात तिला, आणि ही कटकट गेली. मजकूर डेटाबेसमध्ये एकीकडे. मथळा कुठं, फोटो कुठं, रंग कोणता, हे थीममध्ये दुसरीकडे. वाचकानं पान मागितलं की सर्व्हर दोन्ही जुळवून त्याच्यापुढं टाकतो. छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर कंपोझ वेगळं, ले-आऊट वेगळा, आणि मशीन वाचकागणिक ताजी प्रत काढतं. लिहिणाऱ्यानं लॉगिन करायचं, चौकटीत मजकूर टाकायचा, ‘प्रकाशित करा’ दाबायचं. झालं.

यातली सगळ्यात पसरलेली सीएमएस म्हणजे वर्डप्रेस. जगातल्या दर दहा वेबसाईटपैकी चारच्या आसपास तिच्यावर चालतात. ती जन्मली कशी ते ऐका. बीटू नावाची एक जुनी प्रणाली होती. तिचं काम थंडावलं. पण कोड उघडा होता, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा असा परवाना होता. अमेरिकेतला मॅट मुलेनवेग, वय वर्षं एकोणीस, आणि इंग्लंडमधला माईक लिटल यांनी तो कोड उचलला आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेस बाहेर काढली. कुणाच्या बापाची परवानगी मागितली नाही. आपल्या देशात ज्ञान कान बंद करून, जीभ छाटायची धमकी देऊन राखलं गेलं. इथं ते उघड्यावर पडलंय आणि आपणच उचलायला लाजतोय.

आता मुद्द्यावर येतो. वर्डप्रेसमध्ये माणसांच्या पाच पायऱ्या असतात. सगळ्यात वर ॲडमिनिस्ट्रेटर, सगळं त्याच्या हातात. त्याखाली एडिटर, तो सगळ्यांचं लिखाण बदलू शकतो. मग ऑथर, स्वतःचं लिहितो नि स्वतः छापतो. मग कॉन्ट्रिब्युटर, लिहितो पण त्याला छापायचा हक्क नाही, साधा फोटो चढवायचा हक्क नाही. सगळ्यात खाली सबस्क्रायबर, त्यानं फक्त वाचायचं आणि स्वतःचं नाव-गाव नीट ठेवायचं. बघून चातुर्वर्ण्य आठवलं तर चूक तुमची नाही. फरक एवढाच की ही पायरी जन्मानं चिकटत नाही. ॲडमिन एका क्लिकनं ती बदलतो. म्हणजे सवाल एकच उरतो. ॲडमिन कोण?

आपल्या कितीतरी संघटनांच्या साईट बघा. जयंतीच्या तोंडावर वर्गणी काढली, कुणातरी एजन्सीला पैसे दिले, उद्घाटन झालं, नेत्याचा फोटो झळकला. डोमेन एजन्सीच्या नावावर. पासवर्ड एजन्सीकडं. वर्षानं डोमेनचं भाडं भरलं नाही, साईट मेली. आतला मजकूर कुणाकडं? कुणाकडंच नाही. स्वतःच्या घरात आपण सबस्क्रायबर! आणि आपलीच पोरं दहा-बारा हजारांवर दुसऱ्यांच्या दुकानांच्या साईट रात्रंदिवस भरतायत. हात आपले, किल्ली दुसऱ्याची. ही बलुतेदारीच आहे, फक्त एसीमध्ये बसून.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा ‘केसरी’नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. बाबासाहेब दुसऱ्याच्या दारात स्तंभ मागत उभे राहिले नाहीत. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० ला ‘जनता’, १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. पत्र आपलं, छापखानाही आपला. आणि त्या वारशाचं काय झालं? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस जमीनदोस्त झाली. दगडविटांचा छापखाना एका रात्रीत पडतो. ज्या साईटचा बॅकअप नाही ती तर आवाजही न करता पडते.

फुकटच्या जागेवर विसंबणाऱ्यांनी जिओसिटीजची गोष्ट लक्षात ठेवावी. लाखो लोकांनी तिथं आपली पानं बांधली होती. २००९ मध्ये याहूनं ती गुंडाळली. मालकानं शटर ओढलं की भाडेकरू रस्त्यावर.

खानदेशात लिहायला काय कमी आहे? बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि ३१ जुलै १९३७ ला लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात राहिले. आजही दरवर्षी ३१ जुलैला तिथं माणसं लोटतात. त्या दिवसाच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांनी ऐकून ठेवल्यात. त्या त्यांच्याबरोबर जाणार की पानावर येणार? जळगाव-धुळ्याच्या सरकारी साईट एनआयसीच्या एकाच साच्यात ओतलेल्या आहेत. त्यात जिल्ह्याचा इतिहास म्हणून काय जातं ते अधिकारी ठरवतो. उघडा आणि वाचा, आपण त्यात किती आहोत ते मोजा. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. कार्यालयानं आपली कामं, निर्णय, योजनांचे लाभार्थी आपणहून जाहीर करायचे, दरवर्षी ताजे करायचे, नेटवरसुद्धा. समाजकल्याणचं पान वर्षानुवर्षं जुनं दिसलं तर हे कलम दाखवून अर्ज ठोका. जी शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या पोर्टलवर अडते ती आपलीच असते.

मग करायचं काय? डोमेन संघटनेच्या नावावर घ्या. ॲडमिन किमान तिघे ठेवा, त्यात एक बाई हवीच, आणि नेत्याच्या पुतण्याला पासवर्ड देऊ नका. महिन्याला बॅकअप काढून दोन घरांत ठेवा. पत्रकाचा फोटो काढून चिकटवू नका. फोटोतलं अक्षर सर्चमध्ये सापडत नाही, आंधळ्या साथीला ऐकू येत नाही. पत्रक युनिकोडमध्ये टाईप करा. श्रीलिपीच्या जुन्या फाईली तशाच चिकटवल्या तर पानावर कचरा उमटतो, त्या आधी बदलून घ्या. अहिराणीत लिहा, तीही देवनागरीतच आहे. कुणी खोडलं-बदललं तर ‘रिव्हिजन’मध्ये जुनी प्रत शाबूत असते, ती बघायला शिका. नव्या पोराला आज कॉन्ट्रिब्युटर करा, सहा महिन्यांत ऑथर करा. जो वर्षभर कुणालाच वर चढू देत नाही तो ॲडमिन नव्हे, भट आहे.

विहिरीचं पाणी कुणी प्यायचं यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला. या नव्या विहिरीला अजून कुणाचा पहारा बसलेला नाही. बसायच्या आत दोर आपल्या हातात घ्या.

जयभीम!