पाणी तपासले, काठ कोण तपासणार?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर हे गाव 2016 च्या उन्हाळ्यात देशभर गाजले. एका दलित मजुराच्या पत्नीला गावातील विहिरीवर पाणी नाकारले गेले. त्याने भांडण केले नाही. मालेगावला जाऊन खोदकामाचे सामान आणले आणि स्वतःच विहीर खोदायला घेतली. रोजची मजुरी सांभाळून, एकट्याने, चाळीस दिवस. लोक हसले, घरच्यांनीही वेड्यात काढले. पण पाणी लागले आणि वस्तीची तहान भागली. नाकारणाऱ्यांची नावे मात्र त्याने सांगितली नाहीत. गावात वैर नको म्हणून.

प्रसारमाध्यमांनी या बांधवाचे भरभरून कौतुक केले. दशरथ मांझीशी तुलना झाली. कौतुक व्हायलाच हवे होते. पण 'जिद्दीची कहाणी' म्हणता म्हणता विहिरीच्या काठावर उभी असलेली जात बातमीतून अलगद निसटली. त्याने विहीर खोदली हे सर्वांनी सांगितले. त्याला ती खोदावी का लागली, हे किती जणांनी विचारले?

आमचा मुद्दा हाच आहे. पाण्यात जंतू आहेत की नाहीत ते डॉक्टर सांगतील. किती फुटांवर पाणी लागेल ते भूजल खाते सांगेल. परंतु आमच्या भगिनीची घागर रिकामी का परतली, हे कोणत्याही प्रयोगशाळेत कळत नाही. ते इतिहासात, समाजशास्त्रात, धर्मग्रंथांच्या चिकित्सेत आणि साहित्यात कळते. ज्या विद्यांना मानव्यविद्या म्हणतात आणि ज्यांच्याकडे 'आर्ट्सला जाऊन काय मिळणार?' म्हणून नाक मुरडले जाते, त्या विद्या आरोग्याच्या प्रश्नात चैनीच्या नाहीत, गरजेच्या आहेत.

बाबासाहेबांनी हे 1927 सालीच दाखवून दिले. 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, ते माणसाच्या स्पर्शाने बाटले म्हणून त्यात शेण आणि गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' करून घेतले! पिण्याच्या पाण्यात शेण घालणे हे शुद्धीकरण आहे असे मानणाऱ्या मनाला जंतुशास्त्राचे पुस्तक देऊन काय उपयोग? रोग पाण्यात नव्हता, डोक्यात होता. आणि डोक्यात तो ग्रंथांतून उतरला होता. म्हणूनच त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र शिकलेल्या माणसाने केलेले ते अचूक रोगनिदान होते.

आज वाशिमकडे पाहा. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचे 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यांत वाशिम होता. त्यापूर्वी, 2005 साली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयासमोर आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल ठेवला होता. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी घरोघर जाऊन विचारले, म्हणून त्या मरणांमागची कारणे पुढे आली. पण सरकारी मदतीच्या पात्र-अपात्रतेच्या यादीत कुटुंबाच्या नावे सातबारा हवा. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्या शेतमजुराचे मरण कोणत्या रकान्यात मांडायचे? आणि जमीन कोणाकडे नाही, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जीव गेले. विषाची मात्रा तपासली गेली. फवारणीचा पंप रोजंदारीवर कोणाच्या पाठीवर असतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

2018 मध्ये नीती आयोगाने वाशिमला 'आकांक्षित जिल्हा' ठरवले. आरोग्य, पोषण, शिक्षण, जलस्रोत, सारे आकड्यांत मोजले जाऊ लागले. 2019 पासून जलजीवन मिशनमध्ये घरोघरचे नळ मोजले जातात, माणशी रोज 55 लिटरचे प्रमाण धरले जाते. मोजणीला आमचा विरोध नाही. पण नळाला पाणी आधी कोणत्या आळीत येते आणि बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत, पारधी पालावर शेवटी किती पोहोचते? नळ आटला की कोणाच्या विहिरीवर जावे लागते आणि तिथे कोण अडवते? संविधानाच्या कलम 15 ने सार्वजनिक विहिरी-तलाव सर्वांना खुले केले, कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही 'विहीर खासगी आहे' एवढे म्हटले की जातीला पळवाट मिळते.

म्हणून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना आमचे आवाहन आहे. कला शाखेत आहोत म्हणून मान खाली घालू नका. वही-पेन घ्या आणि आपापल्या गावाची पाणीवही लिहा. कोण कुठून पाणी भरते, किती अंतरावरून, कोणाच्या परवानगीने. आजीला विचारा, पूर्वी काय होते आणि आता काय बदलले. ती वही ग्रामसभेत वाचा, तहसीलदारांच्या टेबलावर ठेवा. चाळीस दिवस खोदून एका बांधवाने पाणी काढले. पण प्रत्येकाने आपली वेगळी विहीर खोदावी, हा काही समतेचा मार्ग नव्हे. आता जमिनीपेक्षा खोल गेलेली ही जात खोदून काढायची आहे, आणि त्या कामाची पहार तुमच्या हातातली लेखणी आहे.

जयभीम!