हिशेबनिसाची उमेदवारी

दहावीचा निकाल लागला कीं घरोघर एक वाटाघाट सुरू होते. ज्यास गुण भरपूर मिळाले तो शास्त्रशाखेकडे जातो. ज्यास ते मिळाले नाहींत त्याची रवानगी वाणिज्यशाखेकडे होते. जणूं काय ती शाखा म्हणजे वाट चुकलेल्यांची धर्मशाळाच होय! आणि तेथें गेल्यावरहि पालकांच्या मुखीं एकच घोष असतो : सनदी लेखापाल हो, नाहीं तर कांहींच होऊं नकोस. सनदी लेखापालाच्या परीक्षा कठीण आहेत, आणि त्या तशा असाव्यात हेंच योग्य. परंतु त्यांत जे उत्तीर्ण होत नाहींत, किंवा ज्यांस त्या द्यावयाच्याच नसतात, अशा मुलामुलींनीं ‘आम्ही साधे हिशेबनीस होऊं’ असें म्हटलें, तर घरांत सुतक धरण्याचें कारण काय, हें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं.

रुग्णालय असो, शाळा असो, पतसंस्था असो कीं घाऊक धान्याची पेढी असो. जेथें पैसा येतो आणि जातो तेथें हिशेब लिहिणारा मनुष्य लागतोच. या मनुष्याच्या धंद्याविषयीं, आणि विशेषतः त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांविषयीं, आमचें एक ठाम मत आहे. तें असें कीं, नवशिक्यानें आपली उमेदवारी मोठ्या नांवाच्या कचेरींत न करतां, जेथें पहिल्या पावतीपासून अखेरच्या ताळेबंदापर्यंत सारा हिशेब त्याच्या हाताखालून जाईल अशा लहान जागीं करावी. हें मत पुष्कळांस रुचणार नाहीं. म्हणून थोडें विस्तारानें मांडतों.

ही विद्या आपणांस परकी नव्हे. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या नांदले. लक्ष्मीपूजनास आजहि कित्येक व्यापारी नव्या वहीस हळदकुंकू वाहतात. तिकडे इटलींत लुका पाचोली या गणिती धर्मगुरूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत तेथील व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धति सविस्तर लिहून ठेविली. पद्धति त्यानें शोधिली नव्हती. ती व्यापाऱ्यांचीच होती. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू, एक नांवें आणि एक जमा, आणि दोन्ही बाजूंची बेरीज समान, हा तिचा गाभा आज संगणकावर हिशेब लिहिणाऱ्यालाहि सुटलेला नाहीं.

नवशिक्याच्या वांट्यास प्रारंभीं जें काम येतें तें मात्र दिसावयास रुक्ष असतें. बिलें तारीखवार लावावयाचीं, प्रत्येक खर्चास पावती जोडलेली आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, किरकोळ खर्चाची पेटी सांभाळावयाची. या पेटीचेंच उदाहरण घ्या. पेटींत ५,००० रुपये ठेवावयाचे असें ठरलें, कीं मग ती कोणत्याहि क्षणीं उघडली तरी आंतील रोकड आणि खर्चाच्या पावत्या मिळून ५,००० रुपयेच भरले पाहिजेत. हमालीचे १२० रुपये पावतीविना दिले गेले असतील तर ती तूट सायंकाळीं दिसतेच. 

महिनाअखेर बँकेचा खातेउतारा येतो. समजा, वहींत शिल्लक ८४,३०० रुपये आणि उताऱ्यांत ९६,०५० रुपये. नवशिका घाबरतो, पण घाबरण्याचें कारण नसतें. एका व्यापाऱ्यास दिलेला १२,००० रुपयांचा धनादेश अद्याप वटलेला नाहीं, आणि बँकेनें आपल्या आकारणीचे २५० रुपये कापले ते वहींत लिहिलेले नाहींत, एवढेंच. वहींतील रकमेंत १२,००० मिळवा, २५० वजा करा, कीं ताळा बसतो. याला बँक जुळवणी पत्रक म्हणतात. दिसावयास पोरखेळ वाटणाऱ्या या पत्रकाकडे आम्ही पुढें पुन्हां येणार आहों.

हिशेब जुळत नसेल तेव्हां जुने हिशेबनीस आधीं फरकास ९ नें भागून पाहतात. फरक ९० चा असेल तर कोठें तरी ५४० चे ४५० लिहिले गेले असावेत, अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय धरून ते शोधूं लागतात. रक्कम विरुद्ध बाजूस गेली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो. म्हणून फरक निम्मा करून ती रक्कम हुडकावयाची. आजचा संगणक तेरीज आपली आपण जुळवून देतो हें खरें. पण दुसऱ्याच्या उताऱ्याशीं आपली खतावणी ताडून पाहतांना याच युक्त्या अजून कामीं येतात. (९ चें गूढ काय, हें गणितप्रेमी विद्यार्थ्यांनीं स्वतःच शोधावें. तें दशमान पद्धतींतच दडलेलें आहे.) शिवाय करांच्या तारखा असतात. मार्च महिना वगळतां, दुसऱ्याच्या रकमेंतून कापलेला आयकर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावयाचा असतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हांपासून तर विकणाऱ्यानें आपलें बिल शासनाकडे नोंदविलें आहे कीं नाहीं हेंहि विकत घेणाऱ्याच्या हिशेबनिसास पाहावें लागतें. तें नोंदलें नसेल तर मालकास त्या कराची वजावट मिळण्यास अडथळा येतो.

आतां लहान जागेचें महत्त्व ध्यानांत येईल. मोठ्या कंपनींत हींच कामें दहा माणसांत वांटलेलीं असतात. एक जण वर्षभर केवळ प्रवासखर्चाचीं बिलें तपासतो, दुसरा केवळ येणें रकमांचीं स्मरणपत्रें धाडतो. पगार बरा, खुर्ची बरी, ओळख सांगतांना नांव बरें. पण तीन वर्षांनीं त्यास ताळेबंद मांडावयास सांगितला तर तो गोंधळून जातो. दूधसंस्थेंतला त्याचा सोबती मात्र तोंवर तीन वेळां वर्षअखेर करून मोकळा झालेला असतो. लहान जागेंत शिकविणारा कोणी नसेल, हा आक्षेप मात्र आम्हांस मान्य आहे. म्हणून नोकरी धरण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या : वरती अनुभवी हिशेबनीस आहे काय, आणि हिशेबतपासनीस दरवर्षीं येतो काय. दोहोंचें उत्तर नाहीं असें आलें तर ती जागा सोडावी.

संगणक आल्यावर हिशेबनीस हवा कशाला, असेंहि विचारणारे आढळतात. बेरजेपुरता तो नको झाला, हें खरेंच. पण विहिरीवरचा पंप दुरुस्त केला तर तो यंदाचा खर्च, आणि नवा पंप बसविला तर ती मालमत्ता. हा निवाडा बिल वाचून, प्रसंगीं जागेवर जाऊन करावा लागतो. तो चुकला कीं नफ्याचा आंकडा चुकला. वहींत खाडाखोड करूं नये, चुकीची नोंद उलट नोंद करून सुधारावी, हा जुना दंडकहि संगणकानें मोडलेला नाहीं. उलट १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांवर असें बंधन आहे कीं, त्यांच्या हिशेबाच्या संगणकीय साधनांत प्रत्येक फेरफार तारखेनिशीं नोंदला गेला पाहिजे, आणि ती नोंद बंद करतां येतां कामा नये.

आतां आम्ही त्या बँक जुळवणी पत्रकाकडे परत वळतों. ७ जानेवारी २००९ रोजीं हैदराबादच्या सत्यम या कंपनीच्या अध्यक्षानें पत्र लिहून कबूल केलें कीं, ताळेबंदांत रोकड व बँकेंतील शिल्लक म्हणून दाखविलेल्या रकमेपैकीं सुमारें ५,०४० कोटि रुपये अस्तित्वांतच नव्हते. म्हणजे ज्या ताळ्यास आपण नवशिक्याचें काम म्हणतों, तोच ताळा तेथें प्रामाणिकपणें घातला गेला नव्हता. ९ एप्रिल २०१५ रोजीं न्यायालयानें त्या खटल्यांत १० जणांस दोषी ठरविलें. त्यांत अध्यक्ष होते, हिशेबतपासनीस होते, आणि कंपनीच्या वित्तविभागांतील नोकरहि होते. ही गोष्ट पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावी.

कारण असा प्रसंग लहान पेढीवरहि येतो. फक्त रक्कम लहान असते. मार्चअखेर मालक जवळ येऊन सौम्य शब्दांत म्हणतो, “हें एवढें बिल मागच्या तारखेचें करून टाक, बाळ.” त्या वेळीं लिहिणारा हात वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा असतो. कायद्याचीं कलमें त्यास तोंडपाठ असोत वा नसोत, घरचें भाडें थकलेलें आहे हें त्यास पक्कें ठाऊक असतें. शाळेंत आपण प्रामाणिकपणावर निबंध लिहवून घेतों, परंतु नकार कसा द्यावा हें शिकवीत नाहीं. आमच्या मतें रीत अशी : बिलावरची खरी तारीख मालकास दाखवावी, तीच लिहिणें आपणांस भाग आहे असें आदरानें सांगावें, आणि तरीहि आग्रह झाला तर तो लेखी मागावा. पुष्कळ आग्रह येथेंच विरतात. जे विरत नाहींत, तेथें राहूं नये.

मुलींच्या पालकांसाठीं दोन शब्द. हा धंदा पुरुषांचा, अशी समजूत अजून कोठें कोठें आढळते. मद्रासच्या आर. शिवभोगम् यांनीं १९३३ सालीं हिशेबशास्त्राची सरकारी पदविका मिळविली, आणि त्या आपल्या देशांतील या व्यवसायांतल्या पहिल्या महिला ठरल्या. स्वदेशीच्या चळवळींत त्यांनीं तुरुंगवासहि सोसला होता. तेव्हां ही समजूत नव्वद वर्षांपूर्वींच निकालांत निघाली आहे.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, आजपासून घरचा जमाखर्च लिहावा. किराणा, वीज, औषध, शाळेचें शुल्क, सारें तारीखवार लिहून महिनाअखेर आईच्या डब्यांतील रोकड मोजावी आणि वहीशीं ताडून पाहावी. ती पहिल्या महिन्यांत जुळणार नाहीं. तिसऱ्या महिन्यांत बहुधा जुळेल. अंक सुवाच्य काढण्याची संवय आतांच लावून घ्यावी. १ आणि ९, तसेच ५ आणि ६, घाईंत एकसारखे दिसतात, आणि मग दुसऱ्याची दुपार त्यांत जाते.

पालकांस मात्र आमची विनंति वेगळी आहे. मुलगा पहिल्या नोकरीस लागला कीं त्याच्या पगारावर लगेच हप्ते बांधूं नयेत. साधेल तितक्या लवकर तीन महिन्यांचा घरखर्च बाजूस ठेवावा, आणि तो कशासाठीं ठेविला आहे हें त्यास स्पष्ट सांगावें. एखाद्या मार्चमध्यें खोटी नोंद करण्याचें नाकारून तो नोकरी सोडून घरीं आला, तर दारांतच त्याची झडती घेऊं नये. आधीं त्यास जेवावयास वाढावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्याबरोबर बसून नव्या जागेसाठीं अर्ज लिहावा.